डाग असलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावावा का?

नाशिकमधील आम्ही काही समलिंगी मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा गंगापूर रोडवरील एका मित्राच्या घरी जमतो. यंदा त्याच घरात एक लहानसे प्रदर्शन मांडायचे ठरले: ज्यांची फारशी कोणी आठवण काढली नाही अशा समलिंगी माणसांची छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली चार ओळींची माहिती. यादी करायला बसलो आणि पहिल्याच नावावर वाद झाला. गटातील एका तरुण मित्राचे म्हणणे असे, की आपल्यावर बोट ठेवायला लोक टपलेलेच आहेत, तेव्हा ज्यांच्या चारित्र्यावर एकही डाग नाही अशीच माणसे निवडावीत. त्याची भीती मला परकी नाही, कारण ती मी स्वतः अनेक वर्षे वागवली आहे. तरीही त्याचे म्हणणे मला पटलेले नाही.

वाद झाला तो ऑलिव्हर सिपल यांच्या नावावर. २२ सप्टेंबर १९७५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका हॉटेलबाहेर सारा जेन मूर या स्त्रीने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्यावर गोळी झाडली. ती चुकली. मूर पुन्हा नेम धरत असताना शेजारच्या गर्दीतून सिपल यांनी झेप घेऊन तिचा हात धरला. व्हिएतनामच्या युद्धात जखमी होऊन परतलेले ते माजी सैनिक होते आणि त्या वेळी त्यांचे वय ३३ होते. आपल्या लैंगिकतेविषयी काही छापू नका, घरच्यांना ते ठाऊक नाही, अशी विनंती त्यांनी पत्रकारांना केली होती. दोनच दिवसांत ते छापून आले. आईने संबंध तोडले, आणि पुढे ती वारली तेव्हा तिच्या अंत्यविधीलाही येऊ नकोस असे वडिलांनी कळवले. सिपल यांनी वृत्तपत्रांवर दावा लावला, तो अखेर १९८४ मध्ये फेटाळला गेला. दारू वाढत गेली, प्रकृती ढासळली, आणि १९८९ मध्ये, ४७व्या वर्षी, ते घरात मृतावस्थेत सापडले तेव्हा मृत्यूला बरेच दिवस होऊन गेले होते. भिंतीवर फोर्ड यांचे आभाराचे पत्र चौकटीत लावलेले होते.

दारुडा माणूस आदर्श कसा, असे तरुण मित्राने विचारले. मला वाटते, प्रश्न विचारायचाच असेल तर तो त्याच शहरातील समलिंगी नेते हार्वे मिल्क यांच्याविषयी विचारला पाहिजे, कारण सिपल यांची ओळख एका स्तंभलेखकाला त्यांनीच कळवली होती. समलिंगी माणूसही शूर असतो हे जगाला दिसावे, असा त्यांचा हेतू होता. हेतू चांगला होता, पण त्याची किंमत ज्याने मोजली त्याची संमती कोणी घेतली नव्हती. पुढे मिल्क शहराच्या नगरमंडळावर निवडून आले, १९७८ मध्ये त्यांची हत्या झाली आणि ते जगभर पूजनीय ठरले. आमच्या यादीत त्यांच्या नावाला एकानेही हरकत घेतली नाही. मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे, परंतु सिपल यांनी दारूने मुख्यतः स्वतःचे नुकसान केले आणि मिल्क यांच्या त्या एका कृतीने दुसऱ्याचे घर तुटले, हा फरक मी विसरू शकत नाही. म्हणून दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावावीत आणि मिल्क यांच्या चार ओळींपैकी एक ओळ सिपल यांच्याविषयी असावी, असा माझा आग्रह आहे.

निष्कलंक माणसाची अट समलिंगी माणसाला किती जड जाते, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते बेयर्ड रस्टिन यांच्याकडे पाहून कळते. त्या चळवळीच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची, त्या अडीच लाख लोकांची, सारी आखणी त्यांची होती. तरी १९५३ मधील एका अटकेमुळे त्यांना आयुष्यभर मागच्या रांगेत ठेवले गेले. ज्याला त्या काळी कलंक म्हटले गेले, ते निव्वळ त्यांचे समलिंगी असणे होते. मग डाग कोणता आणि कोणता नाही, हे ठरवणारे डोळे कोणाचे, हे आधी तपासायला नको का?

आपल्या मराठीतलेच एक नाव प्रा. रामचंद्र सिरस यांचे. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि कविता लिहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन रात्री त्यांच्या घरात शिरली आणि त्यानंतर विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. निवृत्ती काही महिन्यांवर आली असताना गप्प बसणे सोपे होते, पण ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली. ७ एप्रिलला ते राहत्या घरी मृत आढळले. कॅमेरा घेऊन माणसे शिरली त्या रात्री त्यांच्यासोबत एक रिक्षावाला होता. त्याचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारत नाही, आणि हा दोष सिरस सरांचा नसून आपल्या आठवण्याच्या पद्धतीचा आहे.

आता ज्यांच्यासाठी मी हे सारे लिहितो आहे त्यांच्याकडे येतो. ते माझे सख्खे काका. त्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. गोदावरीच्या १९६९ च्या महापुरात, नाशिककर ज्याच्यावरून पुराची उंची ओळखतात तो दुतोंड्या मारुती केव्हाच बुडालेला असताना, त्यांनी पंचवटीतील एका वाड्यातून चार माणसांना दोराने बाहेर काढले, हे त्या गल्लीतील जुन्या लोकांना अजून आठवते. ते समलिंगी होते, हे मात्र फक्त मला आणि काकूंना ठाऊक होते. काकूंना ते लग्नानंतर अकरा वर्षांनी कळले. तोवर रात्र रात्र एकटीने जागताना त्या स्वतःलाच दोष देत राहिल्या. हे काकांनी केले होते. वडीलधाऱ्यांचा दबाव होता, काळ वेगळा होता, हे सगळे खरे आहे आणि तरीही ते काकांनीच केले होते.

१९९२ मध्ये माझ्यासाठी मुली पाहणे सुरू झाले. काका मला एकट्याला गोदाकाठी घेऊन गेले आणि म्हणाले, "मी जे तुझ्या काकूचं केलं, ते तू कोणा मुलीचं करू नकोस." मग घरी येऊन, माझे नाव कोठेही न घेता, त्यांनी माझ्या वडिलांना स्वतःविषयी सगळे सांगितले आणि मुली पाहणे थांबवायला लावले. त्यानंतर काकांच्या धाकट्या भावाने त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलणे टाकले. पुरात उडी घेणाऱ्या काकांपेक्षा त्या संध्याकाळचे काका मला मोठे वाटतात, आणि ते मोठेपण त्यांच्या अपराधातून आलेले आहे. अपराध वगळून ही गोष्ट मला सांगताच येत नाही. एक अनोळखी मुलगी त्या दिवशी वाचली आणि मीही वाचलो.

आदर वाटणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. क्षमा करण्याचा अधिकार माझा नाही, तो काकूंचा आहे. त्यामुळे गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. त्या आता ७८ वर्षांच्या आहेत. प्रदर्शनाविषयी सगळे सांगून काकांचा फोटो मागितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग उठून कपाटातून पाकीट काढले आणि फोटो माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "लाव. पण खाली माझ्याबद्दलही लिही. त्यांनी मला फसवलं, असंच लिही. आणि माणूस घाबरट होता, पण त्या एका दिवशी नव्हता, हेही लिही."

फोटो माझ्या टेबलावर आहे. तीन ओळी लिहून झाल्या आहेत. चौथी ओळ मी लिहिणार नाही, ती काकूंनी सांगितली तशीच उतरवणार आहे.