वेग होता, पण झिगझॅगचं काय?
लेखात म्हटलंय की क्वीन मेरी (सैनिकांची ने-आण करणारं मोठं ब्रिटिश प्रवासी जहाज) दुसऱ्या महायुद्धात निव्वळ वेगामुळे वाचली. हे अर्धंच खरं आहे. वेग होताच, पण पाणबुड्यांना नेम धरता येऊ नये म्हणून ती सतत झिगझॅग जायची, आणि त्याच झिगझॅगमध्ये 2 ऑक्टोबर 1942 ला आयर्लंडच्या उत्तरेला तिने स्वतःच्याच एस्कॉर्टला, म्हणजे संरक्षणासाठी सोबत असलेल्या कुराकोआ या ब्रिटिश युद्धनौकेला, मधोमध कापलं. 300 हून जास्त खलाशी गेले. लेखात याचा साधा उल्लेखही नसावा हे फार खटकलं.

मी मर्चंट नेव्हीत होतो, ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, वॉच केलाय, सुकाणू फिरवल्यावर एवढं मोठं जहाज वळायला किती वेळ घेतं ते डोळ्यांनी बघितलंय, आणि समोरचा बाजूला होईल असं दोघांनीही धरून चाललं की मग हातात काहीच उरत नाही, तिथेही नेमकं तेच झालं. बरं, क्वीन मेरीला थांबायची परवानगीच नव्हती, हजारो अमेरिकन सैनिक होते वर, त्यामुळे पाण्यातल्या माणसांना मागे टाकून ती पुढे गेली. बातमी युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली. नंतर कोर्टात दोन तृतीयांश दोष नौदलाचा आणि एक तृतीयांश क्वीन मेरीचा ठरला. 1943 मध्ये एका फेरीत 16,683 माणसं नेल्याचा विक्रम जरूर लिहा, पण कुराकोआचे खलाशीही त्याच इतिहासात आहेत.