‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं?

रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर परवा विषय निघाला तो भाऊंच्या पुतण्याचा. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन विषय राहिले, केट्या लागल्या आणि तेव्हापासून तो शनिवारी घरी येईनासा झाला.

“आम्ही नऊ किलोमीटर चालत शाळेत जायचो,” भाऊ म्हणाले. “टेन्शन हा शब्द ठाऊक नव्हता.”

“रात्री दोनपर्यंत मोबाईल,” बाबल्याने री ओढली. “झोप येणार कशी?”

कॉलेजात शिकवणारी ताई इतका वेळ गप्प होती. “माझ्या वर्गातला लांज्याकडचा मुलगा सांगू? पहाटे साडेपाचची एसटी. प्रॅक्टिकल संपेपर्यंत पाच वाजतात. घरी पोचतो साडेआठला, मग जर्नल लिहायला बसतो. झोप मिळते पाच तास. या वयाला सात-आठ तास लागतात, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. तो नापास झाला तर आपण म्हणणार, अभ्यास केला नाही.”

मोबाईलचं बाबल्याचं म्हणणं खोटं नाही. पण नोट्स त्याच मोबाईलवर येतात आणि निकालही तिथेच लागतो. रात्री अकराला सीट नंबर टाकून ते पान पुन्हापुन्हा उघडत बसलेली पोरं मी होस्टेलवर पाहिली आहेत. सगळ्या खोलीत दिवा बंद आणि एकाच्याच तोंडावर उजेड.

“मग बोलावं ना कुणाशी,” भाऊ म्हणाले.

रत्नागिरीत हे बोलणं आणखी अवघड आहे, असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं. तिथे माणसं बरी होऊन घरी जातात, पण लहानपणापासून आपण त्या इमारतीचं नाव फक्त चिडवायला वापरलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवाच. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले. पण समुपदेशक नेमला, तरी पोरगं त्या दारापर्यंत पोचणार कसं?

आमच्या कॉलेजातही समुपदेशकाची खोली होती. किल्ली ऑफिसातल्या क्लार्ककडे. किल्ली हवी तर रजिस्टरात नाव, वर्ग, वेळ आणि ‘कारण’ लिहायचं. तिसऱ्या वर्षाला मी तिथे गेलो. मागे परीक्षा फॉर्मची रांग होती. ‘कारण’ या रकान्यात मी ‘फी’ असं लिहिलं आणि किल्ली न घेताच परत फिरलो.

हे मी आजवर कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही.

“१४४१६ ला रजिस्टर नाही,” थोड्या वेळाने ताई म्हणाली. “टेली-मानस, मन मोकळं करायची सरकारी हेल्पलाइन. २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात.”

“अनोळखी माणसाला काय सांगणार?” बाबल्या म्हणाला.

“अनोळखी आहे म्हणूनच सांगता येतं रे.”

“मग तू काय केलंस तेव्हा?” भाऊंनी मला विचारलं.

“बाबल्याकडे गेलो.”

“माझ्याकडे?” बाबल्या चमकला. “तू तर नुसतं म्हणालास, झोप येत नाही.”

“तेवढंच म्हणता आलं. तुझ्या आईने आमटी-भात वाढला. आठ दिवस तुमच्याच पडवीत झोपलो. तुम्ही कुणी काही विचारलं नाहीत.”

त्या आठ दिवसांनी सगळं निभावलं असं नाही. पुढे डॉक्टरकडे जावं लागलं, पण तिथवर जायचं बळ त्या पडवीत आलं.

भाऊंनी खिशातून फोन काढला. पुतण्याने उचलला नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून ते एकेक अक्षर शोधत टाईप करू लागले. “शनिवारी ये. केटीचं विचारणार नाही.”

“जेवायला ये, असं लिहा,” बाबल्या म्हणाला.