स्विमिंग पूल आहे का विचारता, तसं पाणी कुठून येतं हेही विचारा

मराठी घरातली माणसं हॉटेल निवडताना फक्त भाडं बघतात, हे मला मान्य नाही. फोन लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांत आपण काय विचारतो ते आठवून बघा. शुद्ध शाकाहारी आहे का? नॉनव्हेजची भांडी वेगळी ठेवता का? फॅमिली येते ना, की नुसती पिणाऱ्यांची गर्दी असते? उपासाचं मिळेल का? श्रावणात तर या प्रश्नांवर बुकिंग ठरतं आणि मोडतं. खोली थोडी महाग पडली तरी चालते, स्वयंपाकघर मनासारखं पाहिजे. हे विचारताना कुणाला संकोच वाटत नाही. घरी जे पाळतो ते परगावीही पाळायचं, इतकी साधी गोष्ट आहे. म्हणजे आपल्या मूल्यांप्रमाणे मुक्काम निवडायला आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. आपण तेच करत आलो आहोत.

म्हणूनच एक प्रश्न मला छळतो. घरी नळ ठिबकत राहिला तर रात्री उठून बंद करणारी, ताटात शीत टाकू न देणारी, कामवाल्या मावशींना दिवाळीला साडी घेणारी हीच माणसं ताडोबाला येतात, तेव्हा पाणी, अन्न आणि माणसं या तीन गोष्टींबद्दल फोनवर एक शब्दही का विचारत नाहीत?

मी चिमूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. आमच्या गावावरून ताडोबाच्या कोलारा गेटकडे जाणाऱ्या गाड्या जातात. उन्हाळ्यात त्यांची संख्या वाढते, कारण वाघ दिसण्याचे दिवस तेच. पानगळ झालेली असते, जंगल मोकळं होतं, नाले आटतात आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर म्हणजे जंगलाचा आतला गाभा बंद असतो. म्हणजे पर्यटनाचा खरा भर एप्रिल-मे. आणि नेमके त्याच दोन महिन्यांत गावातल्या विहिरी तळाला जातात. हापशी मारून मारून हात दुखतात आणि गुंडभर, म्हणजे कळशीभर, पाणी येतं. पहाटे चारला नंबर लावणाऱ्या बायका माझ्याच शाळेतल्या मुलांच्या आया आहेत. मुलगी उशिरा आली की मी कारण विचारत नाही, हातावरचा गुंडाचा वळ दिसतो.

पाणवठ्यावर जनावर येतं म्हणून तुम्ही येता, आणि तुमच्यासाठी पूल भरला जातो. हा हिशेब एकदा कागदावर मांडा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, दीड मीटर खोल असा मध्यम पूल धरला तर त्यात पंचाहत्तर हजार लिटर पाणी बसतं. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर धरलं आहे. म्हणजे तेराशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी एका पुलात. आमचं गाव एवढं मोठंही नाही. एकदा भरलं की झालं, असं कुणी म्हणेल. तसं होत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, वारा कोरडा असतो. दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडतं असं धरलं तरी रोज पाचशे लिटर गेलं, म्हणजे नऊ माणसांच्या वाट्याचं. शिवाय फिल्टर धुण्याचं वेगळं आणि भोवतीच्या हिरवळीचं वेगळं. ती हिरवळ मला सगळ्यात जास्त खुपते. इथलं गवत मे महिन्यात पिवळंच असतं, ते तसंच असायला पाहिजे. चितळही तेच खातं.

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर बसतो. गुणी पोरगा आहे, स्वतः इंग्रजी शिकला. बाजाराच्या दिवशी भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, लोक फोनवर काय काय विचारतात रे?

म्हणाला, "मॅडम, पयला प्रश्न एकच रायते, पूल हाये का. मंग वाघ दिसन का. मंग वायफाय. पानी कुठून आनता, असं आजवर कोनी नाही इचारलं."

मी म्हटलं, विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतं?

"मालकाले इचारलं असतं. मले तरी कुठं माहीत हाये."

मला त्याचं हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. मालक दुष्ट नसतो. तो फोन ऐकतो. पन्नास जणांनी पुलाबद्दल विचारलं तर तो पूल बांधतो, कर्ज काढून बांधतो. पाण्याबद्दल कुणी विचारतच नाही, मग छतावरचं पाणी विहिरीत सोडायचा खर्च तो कशाला करेल? त्याची बोअर तीनशे फुटांवर लागली नाही तर तो पाचशेवर जातो. गावाची हापशी तिथेच राहते.

आता मूळ प्रश्नाकडे. माणसाची मूल्यं घरी एक आणि सुट्टीत दुसरी का होतात? माझं मत असं की ती बदलत नाहीत, भोवतालचे लोक काय करतात ते बघून पुढे येतात किंवा मागे सरतात. शेगावला जाऊन बघा. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात उतरलेली माणसं जिन्यात कागद टाकत नाहीत. पानात घेतलेलं संपवतात. सेवाधारी "माउली" म्हणून हाक मारतो आणि लोकही त्याच्याशी हळू आवाजात बोलतात. कुठे दंडाची पाटी लागत नाही. तीच माणसं, तीच गाडी, दोन दिवसांनी ताडोबाच्या रस्त्याला लागते आणि काचेतून चिप्सचं पाकीट बाहेर पडतं. त्या दोन दिवसांत त्यांचे संस्कार कुठे गेले? कुठेच नाही. शेगावला सगळेच तसं वागत होते. इथे सगळेच असं वागत आहेत.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या एका हॉटेलात टॉवेलवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. न्हाणीघरात वेगवेगळी कार्डं ठेवली होती. "पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा" एवढंच लिहिलेल्या कार्डावर साधारण ३५ टक्के पाहुण्यांनी ऐकलं. "बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" असं लिहिल्यावर हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेलं. पुढच्या फेरीत "याच खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे वापरतात" असं लिहिलं, तेव्हा जवळपास ४९ टक्के. पर्यावरणाचं नाव घेऊन जे झालं नाही ते शेजाऱ्याचं नाव घेऊन झालं. माणसाला चांगलं वागायचं असतं, पण आपण एकटेच वेडे ठरू नये असंही वाटत असतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की निर्णय घरून निघण्याआधी घ्या. रिसॉर्टच्या दारात वेलकम ड्रिंक हातात आलं की माणूस वेगळा होतो. इतके पैसे भरलेत, चार दिवस मजा करायला आलोय, पोरांना पुलात खेळू द्या की. त्यात त्या आईबापांची काही चूक नाही. वर्षभर राबून आलेली माणसं आहेत ती. तिथे पोचल्यावर त्यांच्याकडून त्याग मागणं मला पटत नाही. पण बुकिंग करताना तुम्ही तुमच्या घरात, तुमच्या स्वयंपाकघराशेजारी बसलेले असता, आजी समोर असते. आपण कोण आहोत हे त्या वेळी पक्कं माहीत असतं. फोन तेव्हाच करायचा.

आणि फोनच करा, नावावर जाऊ नका. "इको", "ग्रीन", "नेचर" हे शब्द आमच्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या बोर्डावर आहेत. हॉटेलच्या या हिरव्या दाखवेगिरीला "ग्रीनवॉशिंग" हे नाव अमेरिकन पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्ये दिलं, तेही टॉवेलच्या कार्डावरूनच. टॉवेल वाचवा म्हणायचं, बाजूला नवीन बांधकाम चालू ठेवायचं. आजही स्थिती फार वेगळी नाही. बुकिंग डॉट कॉमवर हॉटेलांना शाश्वत प्रवासाचं हिरवं पान मिळायचं. ते दिशाभूल करणारं ठरू शकतं असं नेदरलँड्सच्या ग्राहक यंत्रणेने म्हटल्यावर २०२४ मध्ये कंपनीला ते काढावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं पान टिकत नसेल तर आमच्या रस्त्यावरच्या बोर्डाचं काय घेऊन बसलात. "होमस्टे" या नावाचंही तसंच. काही खरोखर गावातल्या घरचे आहेत, तिथे मोहाचे लाडू मिळतात, जवसाची चटणी मिळते, घरची सून तुमच्यासमोर रोट्या भाजते. काहींचा मालक नागपूर-मुंबईत असतो आणि गावाशी संबंध फक्त सातबाऱ्यापुरता.

पाण्याइतकंच कचऱ्याचं विचारा. हे मी जीव तोडून सांगते. बुफेतलं उरलेलं अन्न कुंपणामागे खड्ड्यात पडलं की रात्री तिथे रानडुकरं येतात, गावची कुत्री येतात. कुत्र्यांच्या मागे बिबट येतो. तो बिबट सकाळी रिसॉर्टमध्ये थांबत नाही, गावाच्या गोठ्याकडे वळतो. पाहुण्यांच्या ताटात टाकलेली पनीरची भाजी आणि आमच्या वस्तीतली मारलेली शेळी यांत इतकंच अंतर असतं. भाताच्या पट्ट्यात राहून थाळीभर भात टाकलेला बघवत नाही, ते वेगळंच. उरलेलं अन्न कुठे जातं, हा प्रश्न विचारायला पर्यावरणाचं शिक्षण लागत नाही. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणून जेवायला बसणाऱ्या कुणालाही तो सुचायला हवा.

कामाला कोण आहे हेही विचारा, आणि पावसाळ्यात त्यांचं काय होतं तेही. जिप्सी चालवणारे आणि गाईड बहुतेक इथलेच आहेत, त्यांत आता बायकाही आहेत, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण रिसॉर्टच्या आत गेलं की कुक बाहेरचा, मॅनेजर बाहेरचा, आमच्या गावाच्या वाट्याला झाडू आणि बागकाम. कोअर बंद झाला की तेही नाही. एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बाई अंधारात मोहफुलं वेचायला जंगलात जाते, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाते, कारण हातात दुसरा पैसा नसतो. खाली वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. तिला बारमाही पगार असेल तर त्या पहाटे ती घरी राहू शकते. तुम्ही जिथे राहता तिथे ती कामाला आहे का, तिला ऑगस्टचा पगार मिळतो का, याचा तिच्या जिवाशी संबंध आहे.

काही जण म्हणतील, बाई, रिसॉर्ट बंद पडले तर तुमचीच पोरं बेकार होतील. बरोबर आहे. मी बहिष्कार टाका म्हणतच नाही. या, जरूर या, पैसे खर्च करा. एसी लावू नका असंही म्हणत नाही. ४६ डिग्रीत म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला एसी लागला तर लागू द्या. मात्र सेवाग्रामला बापूकुटीत भर उन्हाळ्यात पाच मिनिटं बसून बघा. माती, बांबू, कवेलू, खाली सारवलेली जमीन. इथल्या उन्हाला काय चालतं ते इथल्या घरांना कधीचंच कळलं होतं. जाड भिंती, उतरतं छप्पर, ओसरी आणि एक कूलर एवढ्यावर अनेक घरं उन्हाळा काढतात. अशी खोली देणारे मालक आहेत, मेळघाटात आहेत, नागझिऱ्याकडे आहेत, आमच्याकडेही आहेत. त्यांच्या साइटवरचे फोटो साधे असतात म्हणून तुम्ही पुढे सरकता.

फोनवर उत्तर कसं येतं त्यावरूनच बरंच कळतं. "पाण्याची काही काळजी करू नका सर, चोवीस तास आहे," असं चिमूर तालुक्यात मे महिन्यात कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारा, कुठून? टँकर कुणाच्या विहिरीवरून भरतो? आणि कुणी अडखळत सांगितलं की विहीर आहे, उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, टबबाथ नाही, बादली देतो, सांडपाणी केळीला सोडतो, तर तिथे बुकिंग करा. तो माणूस खरं बोलतोय आणि त्याला त्याची विहीर माहीत आहे.

मे महिन्याची बुकिंगं आता सुरू होतील. ज्यांनी फोन केला त्यांनी काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. वाईट उत्तर मिळालं तर हॉटेलचं नाव नको, कोणत्या गेटचं एवढं पुरे. नीट उत्तर देणाऱ्याचं नाव आणि गाव मात्र त्याला विचारून जरूर लिहा. पुण्या-नाशिकचे माझे नातेवाईक दरवर्षी मला विचारतात कुठे उतरू, मला त्यांना ती यादी पाठवायची आहे.