‘मग आठ दिवस तपासलं काय?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की देवगडच्या बागेतल्या पंपाचा सर्किट बोर्ड आम्ही चेकिंगच्या नावाखाली आठ दिवस अडवून ठेवला, त्याचे वेगळे पैसे घेतले आणि तयार होऊन आलेल्या दहाही बोर्डांवर रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बसला नाही. तुमचा राग रास्त आहे. रिलेची चूक आमची आहे.

तुम्ही काउंटरवर रिले ठेवलात तेव्हा मीच तो बसवून पाहिला. कॉइलचे (स्विच ओढणाऱ्या गुंडाळीचे) पाय सरळ आत गेले, कॉन्टॅक्टचे (पंपाची वीज जोडणाऱ्या टोकांचे) पाय भोकांच्या कडेवर अडले. हा रिले दोन प्रकारांत मिळतो. बाहेरून डबी तीच, पण कॉन्टॅक्टच्या पायांमधलं अंतर एकात 3.5 मिमी तर दुसऱ्यात 5 मिमी. डिझाइनमध्ये एक होता, तुम्ही आणलात दुसरा. कॉम्प्युटरवरच्या डीआरसीला, म्हणजे डिझाइनच्या नियमांच्या आपोआप होणाऱ्या तपासणीला, हे कळत नाही. ट्रॅकमधलं (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांमधलं) अंतर, भोकाभोवतीचं तांबं नियमात आहे का, एवढंच ती बघते. म्हणूनच आम्ही बोर्डाची मापात प्रिंट काढून थर्माकोलवर चिकटवतो आणि खरा पार्ट त्यात टोचून बघतो. तुमच्या वेळी रिले हातात नव्हता. तुम्हाला एक फोन करून त्याचा नंबर विचारायचा, तेही आम्ही केलं नाही आणि जर्बर फाइल (जिच्यावरून कारखान्यात बोर्ड बनतो ती) पाठवून मोकळे झालो. याला सबब नाही.

पण ते आठ दिवस फुकट गेले असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या मुलाने डिझाइन मेहनतीने काढलंय. त्याने जुन्या सर्किटमधला 7805 हा 5 व्होल्ट देणारा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा पार्ट) काढून 3.3 व्होल्टचा 1117 घातला, पण पाय 7805 च्याच क्रमाने राहिले. 7805 ला इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम असतो. 1117 ला ग्राउंड, आउटपुट, इनपुट. शिवाय 1117 च्या पाठीची पट्टी म्हणजे आउटपुट, ती ग्राउंडच्या तांब्यावर टेकवली होती. डीआरसीत एकही एरर नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 230 व्होल्टच्या बाजूवर. तिथला ट्रॅक खालच्या व्होल्टेजच्या ट्रॅकपासून जेमतेम 1 मिमीवर होता. खाडीकाठची बाग, खारा वारा, त्यात जून ते सप्टेंबर पेटीत ओल धरते. मिठाची ओली धूळ बोर्डावर बसली की तिच्यातूनच करंट वाट काढतो. आणि त्या पेटीला पावसात ओल्या हातांनी तुम्हीच हात लावणार. म्हणून अंतर 6 मिमीपर्यंत वाढवलं, रिलेखाली बोर्डात खाच पाडली, त्यासाठी अर्धा बोर्ड नव्याने मांडावा लागला. हे तेव्हाच फोनवर सांगायला हवं होतं. तुम्ही तीनदा विचारलंत आणि दरवेळी ‘चेकिंग चालू आहे’ एवढंच उत्तर मिळालं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

दहा बोर्ड आमच्या खर्चाने पुन्हा करून देतो, चेकिंगचे पैसेही परत देतो. येताना रिलेबरोबर वायर जोडायचे टर्मिनलही आणा, त्यांच्या पायांतही फरक असतो. प्रिंट काढून ठेवतो. मुलाला सोबत घेऊन या, त्याच्या हातानेच सगळे पार्ट टोचून बघू. तो हो म्हणाला की त्याच्यासमोरच फाइल पाठवतो.