धोकादायक वळण सरळ करण्याची सर्वमान्य पद्धत

ग्रामीण भागातून जाणारा एखादा मुख्य रस्ता आपल्या अखत्यारीत असेल, त्यावर एखादे बदनाम वळण असेल आणि त्याचे सरळीकरण व रुंदीकरण करण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली असेल, तर मुळीच घाबरून जाऊ नये. हे काम वाटते तितके अवघड नाही. रस्ता वापरणाऱ्याला रस्त्यातले काहीही कळत नाही, एवढे मनाशी पक्के केले की पुढचे सारे ओघाने येते.

सर्वप्रथम घाई टाळावी. पहिला मृत्यू हा निष्काळजीपणा असतो, दुसरा योगायोग असतो, आणि प्रस्तावाला वजन येण्यासाठी याहून बरीच अधिक माणसे लागतात. मधल्या काळात ‘अपघातप्रवण क्षेत्र’ असा फलक लावावा, म्हणजे आपल्याला धोक्याची कल्पना होती हे तरी सिद्ध होते. वळणाच्या आतल्या बाजूला वाढलेल्या झुडपांना मात्र हात लावू नये. ताशी ८० किलोमीटरने जाणारे वाहन, चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या अडीच सेकंदांत ५५ मीटर पुढे गेलेले असते आणि पूर्ण थांबायला त्याला एकूण १२० मीटरच्या आसपास अंतर लागते, हे अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असते. समोरचे इतके अंतर दिसू लागले तर निम्मा धोका झुडपांबरोबरच तुटून जाईल, आणि मग सरळीकरणाची मोठी निविदा काढायला कारण काय उरेल?

प्रस्ताव मंजूर झाला की नेमके तेवढेच वळण सरळ करावे. त्याच्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे, हा विषय आपल्या अंदाजपत्रकात नाही. जुने वळण दिसले की चालक मुकाट्याने वेग कमी करत होता. आता त्याला गुळगुळीत सरळ रस्ता मिळेल, तो वेग वाढवेल आणि त्याच वेगाने पुढच्या वळणात शिरेल, जे आजवर कोणाच्याही खिजगणतीत नव्हते. समजा, त्या पुढच्या वळणाची त्रिज्या १०० मीटर आहे. तेथे ताशी ५० ने जाणाऱ्या वाहनाला वळणात धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके बल पुरते. तेच वाहन ताशी ८० ने आले तर जवळजवळ निम्म्या वजनाइतके बल लागते. उंच माल भरलेला ट्रक इतके होईपर्यंत घसरतही नाही, तो आधीच उलटतो. रस्त्याच्या लागोपाठच्या दोन भागांवरील वेगात ताशी २० किलोमीटरहून अधिक तफावत पडत असेल तर ती आखणी निकृष्ट समजावी, असा निकष जगभरच्या रस्तेतज्ज्ञांना ठाऊक आहे. आपण त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. अपघात एका वळणावरून दुसऱ्यावर गेला, तर पहिल्या वळणावरचे अपघात शून्यावर आल्याचा अहवाल अगदी खरा ठरतो.

विजेचे खांब आहेत तेथेच राहू द्यावेत. रुंदीकरणानंतर ते डांबराच्या आत आले तर त्यांना काळे-पांढरे पट्टे मारावेत.

नव्या डांबराचे थर चढवताना साइडपट्टी मात्र जुन्याच पातळीला ठेवावी, म्हणजे दुचाकीस्वाराला रस्त्याची कडा कोठे संपते ते पडल्यावर नीट समजते.

जुन्या रस्त्याच्या कडेची झाडांची आणि खांबांची रांगही तशीच वळत जाऊ द्यावी, कारण रात्री चालकाची नजर डांबरापेक्षा त्या रांगेच्या मागे जाते आणि सोडून दिलेल्या जुन्या रस्त्यावर थेट उतरण्याची सोय आपोआप होते.

आता या कलेचा कळस, म्हणजे अरुंद पूल. दोन्ही बाजूंनी रस्ता भरपूर रुंद करत आणावा आणि मधला जुना पूल तसाच ठेवावा. पुलाचे काम वेगळ्या लेखाशीर्षाखाली येते, त्याला वेगळी मंजुरी लागते, ती पुढच्या टप्प्यात मिळेल. वाहनांनी तोवर टप्प्याटप्प्याने बारीक व्हावे. गेल्या आठवड्यात रात्री पावसात अशाच एका नव्याने रुंद केलेल्या रस्त्यावरून मी येत होतो. रस्ता इतका प्रशस्त होता की मनातल्या मनात संबंधितांचे आभार मानून झाले होते. एकाएकी डावीकडची अर्धी मार्गिका संपली. फलक नाही, रस्त्यावर तिरपे पट्टे नाहीत, परावर्तक नाहीत. दिव्यांच्या उजेडात एकदम पुलाचा दगडी कठडा समोर आला, आणि तोही माझ्या मार्गिकेच्या मधोमध. समोरून ट्रक येत होता. त्या ट्रकच्या चालकाने त्या क्षणी जे केले त्यामुळे मी हे लिहू शकतो आहे, त्यात रस्ता बांधणाऱ्याचा काडीचाही वाटा नाही. नंतर चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की काम नियमानुसार पूर्ण झाले असून पुलाचा भाग या कामात समाविष्ट नव्हता. समाविष्ट नव्हता! म्हणजे कागदावर रस्ता पुलापाशी थांबतो आणि पुलाच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो, आणि मधल्या जागेत माणसे आपापल्या जबाबदारीवर जगतात किंवा मरतात. पूल पाडून नवा बांधायला पैसे नसतील हे समजू शकते. पण मग रस्ता पुलाच्या बराच अलीकडून हळूहळू निमुळता का केला नाही? कठड्याच्या टोकाला दोन परावर्तक पट्ट्या लावायला कोणत्या टप्प्याची वाट पाहायची आहे?

रुंदी म्हणजेच सुरक्षितता, हा समज ज्यांना सोडवत नाही त्यांनी स्वीडनकडे पाहू नये, उगाच मनस्ताप होईल. त्या देशाच्या संसदेने १९९७ साली रस्त्यांवरील मृत्यू शून्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले. तेथील १३ मीटर रुंदीचे ऐसपैस ग्रामीण रस्ते समोरासमोरच्या धडकांसाठी कुप्रसिद्ध होते. त्यांनी ते आणखी रुंद केले नाहीत. त्याच रुंदीत आलटून पालटून एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा तीन मार्गिका आखल्या, मध्ये तारदोरांचा अडसर उभा केला आणि अशा रस्त्यांवरील मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. तेथे त्यांनी चालक चुकणार हे गृहीत धरले. आपल्याकडे चालक चुकला की फाइल बंद होते.

बस झाले. हा उपरोध आता माझ्याच्याने पुढे रेटवत नाही. ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटला’ हे वाक्य प्रत्येक अहवालात लिहिताना तुम्हाला लाज वाटली पाहिजे. एकाच जागी वर्षानुवर्षे वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या वयांच्या माणसांचा ताबा सुटत असेल, तर ताबा तुमचा सुटलेला आहे. रस्ता आखणे हे तुमचे शिक्षण आहे आणि त्याचाच तुम्हाला पगार मिळतो. वळणाला बाहेरून आत उतार किती द्यायचा, लांब वाहनाची मागची चाके आतून जातात म्हणून वळणावर आतल्या बाजूला रुंदी किती वाढवायची, हे तुम्हाला येत नाही असे नाही. तुम्ही ते करत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून करत नाही. लोकप्रतिनिधींनीही किती किलोमीटर रुंद केले याचे आकडे सांगणे थांबवावे. काम संपल्यावर वर्षभराने त्याच रस्त्यावर वेग किती वाढला आणि माणसे कोठे मेली, हे मोजून जाहीर करा. त्या तपासणीत सरळ केलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे काही किलोमीटरही धरा. आणि ज्या अभियंत्याने काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली, त्याला एकदा पावसाळ्यात, रात्री, दुचाकीवरून त्या रस्त्याने पाठवा. अंतिम देयक त्यानंतर काढा.