टॅटूच्या सुईने कॅन्सर जागा होत नाही

‘स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांनी छातीवर टॅटू काढू नये, सुई टोचली की झोपलेला कॅन्सर जागा होतो’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. पुढे एमआरआयमध्ये टॅटू पेटतो, शाईने कॅन्सर होतो, हात सुजतो, आणि शेवटी ‘लेकरंबाळं झाली, आता हे नखरे कोणासाठी?’ हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिचा एक स्तन काढलाय, नंतर पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन तिथे नवा उभार केलाय. ऑपरेशनमध्ये स्तनाग्र आणि भोवतीचं गडद वर्तुळ गेलं, ते टॅटूने रंगवता येईल असं तिच्या सर्जननेच सुचवलं होतं. तिने वेळ घेतली होती. मेसेज वाचला आणि रद्द करून टाकली.

तर पहिला दावा. यात सगळ्यांत जास्त खोटेपणा आहे आणि सगळ्यांत जास्त नुकसानही. टॅटूची सुई त्वचेत एक-दोन मिलिमीटर जाते आणि तिथे रंगाचे कण सोडते. कॅन्सर परत येणार की नाही हे गाठ किती मोठी होती, काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली होती का, ती कोणत्या प्रकारची होती, उपचार पूर्ण झाले का यांवर ठरतं. त्वचेतल्या रंगाने यातलं काहीही बदलत नाही. उलट रेडिएशन घेतलेल्या कित्येक बायकांच्या छातीवर आधीच शाईचे बारीक कायमचे ठिपके असतात. किरण रोज नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून केंद्रातच ते गोंदतात. सुई आणि शाईने कॅन्सर जागा होत असता, तर कॅन्सरच्याच दवाखान्यांनी ते कशाला केलं असतं?

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे जुनी आहे आणि ती टॅटूपाशी थांबत नाही. याच भीतीने बायका बायॉप्सी नाकारतात. गाठ हाताला लागते, डॉक्टर सुईने तुकडा काढून तपासू म्हणतात, आणि घरातलं कोणीतरी ‘सुई लावू नका, पसरेल’ म्हणतं. मग महिने जातात, झाडपाल्याचे लेप लावले जातात, आणि लहान असताना निघाली असती ती गाठ काखेपर्यंत पोचते. टॅटूबद्दलचा मेसेज पुढे पाठवणारी माणसं हीच भीती पुढे पाठवत असतात. मावशीच्या धाकट्या जावेनेही तो वाचलाय. उद्या तिला गाठ लागली तर ती बायॉप्सीला जाईल का, ही मला चिंता आहे.

एमआरआयचं. टॅटूच्या जागी जळजळ किंवा सूज आल्याच्या तक्रारी क्वचित नोंदल्या गेल्यात, हे खरं. पण यावर नीट मोजून केलेला अभ्यास आहे, 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. टॅटू असलेल्या 330 जणांचे एमआरआय झाले, त्यांच्या अंगावर मिळून 932 टॅटू होते. टॅटूमुळे त्रास झाला एकाला, तोही सौम्य, आणि 24 तासांत गेला. फार मोठे टॅटू त्या अभ्यासात घेतले नव्हते, एकेक टॅटू 20 सेंटिमीटरपर्यंतचा. स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ चार-पाच सेंटिमीटरचं असतं. एमआरआयच्या आधी तंत्रज्ञाला टॅटू आहे हे सांगावं, एवढंच.

शाईबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करते. शाईचे कण काखेतल्या ग्रंथींत जाऊन बसतात, आणि 2024 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या अभ्यासात टॅटू असलेल्यांत लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, धोका 21 टक्के जास्त दिसला. पण लिम्फोमा म्हणजे स्तनाचा कॅन्सर नव्हे. शिवाय टॅटू जितका मोठा तितका धोका जास्त, असं त्याच अभ्यासात दिसलं नाही. प्रश्न अजून खुला आहे. एवढ्यावरून ‘शाईने कॅन्सर होतो’ असं ठोकून देणं बेजबाबदार आहे.

हात सुजण्याची काळजी ज्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी काढल्यात त्या बाजूच्या हाताची असते. त्या हातावर टॅटू नकोच. छातीवरचं डॉक्टरला विचारून ठरवावं.

राहिले ‘नखरे’. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित नियमांत कॉस्मेटिक सर्जरीचा खर्च वगळलाय, पण अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. टॅटूचा खर्च कंपनी देईलच असं मी म्हणत नाही, ते लेखी विचारून घ्यावं. पण कॅन्सरनंतर शरीर पुन्हा घडवणं म्हणजे हौस नव्हे, हे विम्याच्या नियमांनाही कळतं. मावशी साठीची आहे. आंघोळीच्या वेळी आरशाकडे पाठ करते. तिला स्वतःसाठी हवंय आणि तेवढं कारण पुरे आहे.

खरे धोके मेसेजमध्ये नाहीतच. 2011 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला दूषित राखाडी शाईमुळे 19 जणांना त्वचेचा चिवट जंतुसंसर्ग झाला होता. म्हणून विचारायचं ते हे: सुई आपल्यासमोर पाकिटातून काढणार का, शाई सीलबंद आहे का, ती साध्या पाण्याने पातळ करणार नाही ना, ऑपरेशन झालेल्या त्वचेवर याआधी काम केलंय का. केमो चालू असताना किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना टॅटू नको. व्रण पूर्ण भरायला काही महिने द्यावे लागतात, रेडिएशननंतर त्याहून जास्त. व्रणाजवळ नवी गाठ, लाली किंवा पुरळ दिसलं तर आधी सर्जनला दाखवायचं. रंग काही वर्षांत फिकटतो, पुन्हा भरावा लागतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं. मावशीने पुन्हा वेळ घेतलीये, आणि या वेळी हे प्रश्न कागदावर लिहून सोबत नेणार आहे.