बिअर्डी झोपलाय, की आजारी आहे? एका फिरत्या मेसेजला उत्तर

दिवाळी सरली की दर वर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला: इथल्या मराठी पालकांच्या गटातून, न्यू जर्सीतल्या मैत्रिणीकडून आणि चक्क पुण्याच्या मावसभावाकडून. त्याच्या मुलाने नुकताच एक बिअर्डेड ड्रॅगन आणलाय, म्हणजे दाढीवाला पाळीव सरडा, लाडाने बिअर्डी. मेसेजचा मजकूर साधारण असा: “बिअर्डेड ड्रॅगन हिवाळ्यात झोपतो, ते नैसर्गिक आहे. पोटभर खायला घाला, दिवे बंद करा आणि तीन महिने हात लावू नका. पिल्लू झोपलं तरी घाबरू नका. आजारी ड्रॅगनची दाढी काळी पडते, तसं नसेल तर सगळं ठीक. डॉक्टर उगाच पैसे काढतात.”

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या जोरावर पुढची सगळी खपून जातात. मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते, अकरा वर्षं हे सरडे पाळतेय. माझी पहिली मादी, ठमी, मी अशाच समजुतीपायी गमावली. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

“हिवाळ्यात झोपतो, ते नैसर्गिक आहे.”

हो, आहे. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या पट्ट्यातला. तिथे हिवाळा जून ते ऑगस्ट. ॲलिस स्प्रिंग्जला जुलैतल्या रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, किडे कमी होतात, दिवस लहान होतो. अंगात स्वतःची ऊब तयार न करणाऱ्या प्राण्याने अशा वेळी ओंडक्याखाली किंवा मातीत शिरून पडून राहणं हेच शहाणपणाचं. सस्तन प्राण्यांच्या शीतनिद्रेपेक्षा हे वेगळं आहे, म्हणून विल्बर मेह्यू या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्ये त्याला ‘ब्रुमेशन’ हा वेगळा शब्द दिला. यात प्राणी ठार बेशुद्ध नसतो. मधूनच उठतो, पाणी पितो, जागा बदलतो, पुन्हा पडतो. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले बिअर्डीसुद्धा दिवस लहान झाला, खोली गार झाली की असे सुस्तावतात. काही सुस्तावतही नाहीत, आणि त्यातही काही बिघडत नाही.

पण ‘बिअर्डी हिवाळ्यात झोपतो’ यावरून ‘हिवाळ्यात झोपलेला प्रत्येक बिअर्डी निरोगी’ असं निघत नाही. खाणं बंद, हालचाल बंद, डोळे मिटलेले, कोपऱ्यात पडून: हे वर्णन ब्रुमेशनचं आहे. हेच वर्णन पोटात जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) वाढलेल्या सरड्याचं आहे, ॲडेनोव्हायरस झालेल्याचं आहे, मूत्रपिंड निकामी होत चाललेल्याचं आहे, कॅल्शियम आणि यूव्हीबीच्या (उन्हातल्या अतिनील किरणांच्या) कमतरतेने हाडं मऊ पडलेल्याचं आहे. आणि ज्याच्या राहायच्या काचेच्या टाकीतला दिवा बिघडलाय त्याचंही आहे. या शेवटच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून माझा आग्रह असतो की सरड्याआधी टाकी तपासा. ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सियस हवा. तो काचेवर चिकटवलेल्या गोल घड्याळी थर्मामीटरने कळत नाही, टेम्परेचर गनने कळतो. यूव्हीबीची ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसते तेव्हाही तिच्यातले उपयोगाचे किरण संपलेले असू शकतात, म्हणून ती सहा महिने ते वर्षाने बदलायची. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळपास नसतातच. नोव्हेंबरात आपण घराचा थर्मोस्टॅट दोन अंश खाली आणतो, टाकी गार पडते, सरडा मंदावतो, आणि आपण म्हणतो, झोपला! मी स्वतः एकदा असं म्हटलंय. बल्ब बदलल्यावर तो दुसऱ्या दिवशी दुपारी खायला मागत होता.

“पोटभर खायला घाला.”

संपूर्ण मेसेजात हे वाक्य सगळ्यात प्रेमळ वाटतं आणि सर्वात थेट इजा करतं. आपल्याला वाटतं, लेकरू तीन महिने उपाशी राहणार, भरवून झोपवू. पण या प्राण्याचं पचन उष्णतेवर चालतं. अंग गार झालं की पोटातले रातकिडे आणि झुरळं तशीच पडून राहतात आणि सडतात. त्यातून जंतूंची वाढ, गॅस, आणि कधी कधी मृत्यू. निरोगी प्रौढ सरड्याला झोपवायचं असेल तर क्रम उलटा आहे: आधी खाणं थांबवायचं, मग पूर्ण उष्णता चालू ठेवून आठ-पंधरा दिवस जाऊ द्यायचे, शी होऊन पोट रिकामं झालं याची खात्री करायची, आणि मगच गारवा. तो परस्पर झोपला आणि आदल्या दिवशीच पोटभर जेवलेला असेल, तर दिवे नेहमीसारखे चालू ठेवा. त्याला उबेत येऊन पचवायची सोय राहू द्या.

“दिवे बंद करा.”

याच्याशी माझं सगळ्यात मोठं भांडण आहे, आणि ते भांडण इथून जवळच झालेल्या एका कामावर उभं आहे. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४-७५ मध्ये वाळवंटी इग्वाना जातीच्या सरड्यांवर प्रयोग केले. सरड्याला आपल्यासारखा आतून ताप चढत नाही. पण जंतूंची लागण झालेले सरडे नेहमीपेक्षा गरम जागा निवडून तिथे बसतात असं त्यांना आढळलं. म्हणजे ते स्वतःला ताप आणतात. मग त्यांनी लागण झालेल्या सरड्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवलं. जास्त गरम ठेवलेले जास्त संख्येने जगले, गार ठेवलेले जास्त मेले.

आता मेसेज पुन्हा वाचा. सरडा झोपलाय की आजारी हे अजून ठरलेलं नाही, आणि आपण पहिलं काम काय करतो, तर त्याचा दिवा काढून घेतो. खरोखर आजारी असेल तर त्याच्याकडे असलेलं एकमेव औषध आपण बंद केलं. झोपलेलाच असेल तर दिवा चालू राहिल्याने काही अडत नाही. तो गार बाजूला, खोपटात पडून राहील.

शिवाय दिवा घालवून इथल्या घरांत खरा गारवा येतच नाही. हीटिंगमुळे खोली वीस-एकवीस अंशांवर असते. पंधराच्या आसपास शरीराचा व्यवहार बराच मंदावतो. वीस-एकवीसला तेवढा मंदावत नाही, पण पचन चालायला ती ऊब पुरतही नाही. सरडा खात नाही आणि साठवलेली चरबी मात्र जाळत राहतो. पुण्यात आणखी वेगळं. रात्री दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास, म्हणजे रोज अर्धवट झोपवायचं आणि रोज अर्धवट उठवायचं. मावसभावाला मी हेच सांगितलं: दिवा ठेव, आणि दिवस बारा तासांवरून दहावर हळूहळू आणायचा तर पंधरा दिवसांत आण, एका रात्रीत नको.

“पिल्लू झोपलं तरी घाबरू नका.”

घाबरा. एक वर्षाखालच्या पिल्लाच्या अंगात साठा नसतो, त्याची सगळी शक्ती वाढीत जात असते. सहा महिन्यांचं पिल्लू दिवसभर डोळे मिटून पडत असेल, तर ते आजारी आहे असं धरून चाला आणि टाकीचं तापमान तपासून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. ॲडेनोव्हायरस आणि कॉक्सिडिया पिल्लांत हातात हात घालून येतात. पिल्लू वाढत नाही, मान वर वळवून छताकडे बघत राहतं, पाय थरथरतात. मावसभावाचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे, आणि हा मेसेज नेमका त्याच्याच घरात पोचला.

“आजारी ड्रॅगनची दाढी काळी पडते.”

काळी दाढी म्हणजे राग, भीती, ताण, कधी वेदना. माद्यांवर चाल करणारा नर काळी दाढी फुगवून मिरवतो, तो काही आजारी नसतो. गार पडलेला सरडा ऊन लवकर शोषायला सगळाच काळवंडतो. आणि मरायला टेकलेल्या सरड्याची दाढी पिवळट, स्वच्छ असलेली मी पाहिली आहे. या खुणेवर निवाडा करूच नका.

मग बघायचं काय? हळूच उचलून बघा. ब्रुमेशनमधला सरडा रागावतो, डोळा किलकिला करतो, अंग ताठ करतो, सोडलं की पुन्हा आपल्या बिळाकडे सरपटतो. आजारी सरडा हातात ओल्या फडक्यासारखा लोंबतो. डोक्यावर डोळ्यांमागे दोन फुगीर गाद्या असतात, त्या खोल गेल्यात का बघा. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेशी हाडं वर आलीत का, डोळे आत गेलेत का, नाकाशी शेंबूड किंवा तोंड उघडं ठेवून घरघर आहे का, खालचा जबडा बोटाला मऊ लागतो का, कातडीवर पिवळट-तपकिरी खपल्या आहेत का (ही एक बुरशी असते आणि ती पसरते). यातलं एकही दिसलं तर झोप हा शब्द विसरा.

“तीन महिने हात लावू नका.”

आणि आता ठमी.

ती चार वर्षांची होती. डिसेंबरात खाणं सोडलं, दोन-तीन दिवस कोपऱ्यात माती उकरली, मग गार बाजूला जाऊन पडली. मी उकरण्याला झोपेची तयारी समजले. ‘उठवू नये’ हे माझ्याही कानावर होतं, पण मी स्वतःला हुशार समजत होते, दर रविवारी वजन करत होते. वजन घटत नव्हतं. उलट पंधराएक ग्रॅम वाढलेलं दिसलं. मी मुलाला म्हटलं, बघ, किती छान झोपलीय. तीन आठवड्यांनी ती लोंबायला लागली. एक्स-रेत पोट अंड्यांनी भरलेलं होतं. घरात नर नव्हता, पण या जातीच्या माद्या कोंबडीसारखी नराशिवायही अंडी धरतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अंडी अडकली होती. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी ती गेली. ती झोपायची जागा शोधत नव्हती, अंडी घालायची जागा शोधत होती, आणि तिच्या टाकीत पुरेशी खोल, ओलसर माती मी ठेवली नव्हती.

म्हणून वजन करा, पण वजनावर विसंबू नका. निरोगी झोपेत वजन फारसं हलत नाही. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट आली, म्हणजे चारशे ग्रॅमच्या सरड्याचे चाळीस ग्रॅम गेले, तर झोप मोडायची, उष्णता पूर्ण द्यायची आणि डॉक्टरकडे जायचं. त्याआधीही घट दर आठवड्याला चालूच दिसली तर फोन करा. मादीचं वजन वाढत असेल, पोट बाजूंना फुगीर आणि गाठाळ लागत असेल, ती उकरत असेल, तर ती झोप नाही. वजनासाठी वेगळा काटा घ्या. स्वयंपाकघरातला वापरू नका, या सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असतात. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं उचलल्याने झोपेचं काही बिघडत नाही. मधूनच तो जागा झालेला दिसला तर तोंडाशी पाण्याचे दोन-चार थेंब सोडा, चाटेल. खायला लगेच देऊ नका, आधी एक-दोन दिवस पूर्ण उबेत राहू द्या.

“डॉक्टर उगाच पैसे काढतात.”

खर्च होतो, हे मी नाकारत नाही. इथे सरडे बघणारे डॉक्टर कमी, आणि कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात अनेकदा ‘आम्ही हे बघत नाही’ असं उत्तर मिळतं. सरपटणारे आणि उभयचर प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांची ‘एआरएव्ही’ नावाची संघटना आहे, तिच्या यादीत जवळचं नाव सापडतं. ते नाव सप्टेंबरातच शोधून ठेवा, बर्फात नव्हे. आणि सगळ्यात स्वस्त तपासणी सगळ्यात आधी करा: झोपेच्या हंगामाआधी ताजी शी एका डबीत घालून द्या. जंत, कॉक्सिडिया त्यात दिसतात. पोटात जंत घेऊन तीन महिने गारव्यात पडलेला सरडा वसंतात उठेलच असं नाही. वय दीड वर्षाच्या वर, शी स्वच्छ, अंग भरलेलं, पोट रिकामं: एवढं जुळलं तरच मी झोप मान्य करते.

डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी न्या. वजनांची वही, टाकीच्या दोन्ही टोकांचं तापमान आणि दिव्याचा फोटो, ज्यात त्याचं नाव आणि बसवल्याची तारीख वाचता येईल. सरडा पिशवीत नेताना सोबत गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा, गाडीत त्याला गारठवू नका.

माझा आत्ताचा नर, भीमा, २० नोव्हेंबरपासून ओंडक्याखाली आहे. त्या दिवशी ४१२ ग्रॅम होता, काल ४०९ भरला. उचलल्यावर त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मागचा पाय झाडला. दिवा चालू आहे.